जायच्या डब्यातली हूं

१

आटपाट म्हणावं असं काही नव्हतं, बाजाराचं गाव होतं, सेलू. तिथं बंडूजी नावाचे भाजीपाल्याच्या बियाण्यांचे दुकानदार राहत होते. त्यांची बायको सुलोचनाबाई, ती मी. थोरला मुलगा भूपेंद्र, त्याची बायको सपना. धाकटा आदेश. तो तेव्हा घरात नव्हता. समुद्रापार, मस्कतच्याही पुढे, वाळूतल्या एका कॅम्पात वायरमन होता. दोन वर्षांची बोली होती, त्यातलं एक सरलं होतं.

गावात मोबाईल अजून आला नव्हता. कॅम्पातला फोन साहेबाच्या टेबलावर, पण पोरांना मेल करायला तिथं एक कॉम्प्युटर होता. तेव्हा भूपेंद्रनं वर्ध्याहून कॉम्प्युटर आणला आणि दुकान आणि स्वयंपाकघर यांच्या मधल्या खोलीत मांडला. त्या खोलीला खिडकी नाही. आधी तिथं बियाण्यांचे पत्र्याचे डबे असत. डबे हलवले, पण कांद्याच्या बियाण्याचा वास तिथंच राहिला. मशीनवर सपनानं क्रोशाचं कव्हर घातलं होतं. ते काढलं की काच आणि काचेत खोली उलटी दिसे.

रोज दिवेलागण झाली की भूपेंद्र टेलिफोनची तार मशीनला लावी. आधी नंबर फिरल्याचा आवाज, मग धारेच्या दगडावर विळा धरावा तशी किरकिर, मग शांत. शांत झालं की समजायचं, रस्ता उघडला. आदेशचं काही आलं असेल तर भूपेंद्र वाचून दाखवी. मग मी पाटावर बसून पालेभाजी निवडता निवडता सांगत जाई आणि तो टाईप करी.

"लिव, आदेशले आशीर्वाद. इकडं वांगे मातीमोल झाले. तुह्या बाबाले खोकला हाय पन ऐकत नाईत. डोक्याले तेल लावत जाजो. अन् दुसऱ्याच्या टॉवेलनं आंग पुसू नको."

"आई, हे ईमेल हाय, कोर्टातलं बयान नाई. थोडक्यात सांग."

"थोडक्यात सांगाले मी का तार करून राह्यली?"

पलीकडून बंडूजी दुकानातून ओरडत, "खोकल्याचं नको लिवू, उगी पोराले घोर!"

शेवटी एक वाक्य नेहमी ओठापर्यंत येई. ये बाबा, पुरे झालं. ते मी गिळत असे. पोरगा आपल्या पायावर उभा राहत होता, त्याच्या पायात आपण दोरी काऊन बांधावी?

आणखी एक सांगून ठेवते. मी शाळेत गेले नाही, पण गोष्टी माझ्याजवळ पुष्कळ. आणि सांगायचं तर मला समोरून हुंकार लागतो. आमच्याकडे हूं म्हणणारं कोणी नसेल तर गोष्ट पुढे सरकत नाही. भूपेंद्र टाईप करताना मध्ये मध्ये हूं म्हणे. मला बरं वाटे, बोलणं लांबे.

२

दिवाळीनंतर ते बिघडलं. येत होतं, जात नव्हतं.

भूपेंद्र पाठवायचं बटन दाबी. निळी पट्टी अर्ध्यापर्यंत सरके, थांबे, लाल फुली येई. मी विचारलं, तर त्यानं मला समजेल असं सांगितलं, "आई, आत दोन डबे हायत. येनाऱ्याचा डबा अन् जायचा डबा. तुह्यं सगळं जायच्या डब्यात बसून हाय."

"नासत तर नाई ना?"

"नाई. आहे तसंच राह्यते."

मशीन विकणारा हरिदास वर्ध्याहून एसटीनं आला. काखेत पिशवी, खिशात तंबाखू-सुपारीच्या खर्ऱ्याची पुडी. म्हणाला, येण्याचा रस्ता वेगळा असतो, जाण्याचा वेगळा. येणारा ठीक आहे, जाणाऱ्याच्या पत्त्यात चूक असेल. त्यानं पत्ता पुन्हा घातला. पासवर्ड पुन्हा घातला. कुठं तरी एक बरोबरची खूण करायची राहिली होती, ती केली. व्हायरसचा पहारेकरी बंद केला. मग सगळा प्रोग्रॅम काढून पुन्हा टाकला. वर्ध्यातल्या भावाला फोन करून त्याच्याकडून एक मेल मागवला. तो चटकन आला. उलट पाठवला. लाल फुली.

बंडूजी दारात उभे होते. म्हणाले, "बैल गोठ्यात येते अन् बाहेर निघत नाई, तर गोठा नाई पाहू बावा. बाहेर काय उभं हाय ते पाहावं."

हरिदासनं एव्हाना तोंडात खर्ऱ्याचा तोबरा भरला होता, तो तोंड वर करून हसला. त्यानं हातानंच मला खूण केली, काही तरी सांगा, नवीन लिहून पाहू. भूपेंद्र दुकानात गिऱ्हाईक करत होता. मी सुरू केलं, तो टाईप करू लागला. तुळशीच्या लग्नाचं सांगितलं, शेजारच्या रुख्मिणीच्या म्हशीचं सांगितलं. हूं आली. मी पुढे गेले. हूं आली.

मग माझ्या ध्यानात आलं. "कारे बावा, तोंडात एवढा खर्रा धरून तू हूं कसा म्हनते?"

तो उठला, मोरीत जाऊन थुंकला, चूळ भरली आणि परत आला. "मी कुठी म्हनलं, काकू?"

"मंग हे मशीन म्हनते का?"

"याले आवाजाचे डबडेच नाईत लावले," तो म्हणाला आणि मागच्या मोकळ्या भोकावर बोट ठेवून त्यानं दाखवलं.

मी भूपेंद्रला हाक मारली. "तू टाईप करताना हूं म्हनते ना रे?"

"मी? मले टाईप कराले टाईम पुरत नाई, हूं कुठून म्हनू?"

मी मनाशी म्हटलं, जुनं घर, भिंतीला लागून स्वयंपाकघर. सपना कढई घासत असेल. माणसाला जे ऐकायची सवय असते ते कान आपणच भरून घेतात. तसंच असेल.

३

त्या आठवड्यात आदेशचं आलं. भूपेंद्रनं वाचलं.

"आई, तुह्यं मिळालं. रुख्मिणीकाकूची म्हैस वाचून लय हसलो. वांग्याचं जाऊ दे, पुढं भाव चढतीन. बाबाले म्हना खोकल्याचं औषध घ्या."

आम्ही एकमेकांकडे पाहिलं. म्हैस तर जायच्या डब्यात होती. भूपेंद्रनं हरिदासला फोन लावला. तो म्हणाला, होतं असं, मेल निघून जातं आणि इथं अडकल्यासारखं दिसतं, पोचून राह्यलं ना, मग काळजी सोडा. आम्ही काळजी सोडली. वर्ध्याला जाऊन दुसऱ्या मशीनवरून पाठवायचं भूपेंद्रच्या मनात होतं, तेही राहिलं. पोचत होतं तर कशाला?

शिमगा झाला त्या सुमारास आदेशच्या मेलमध्ये शेवटी दोन ओळी जास्तीच्या होत्या. वाचताना भूपेंद्र मध्येच थांबला.

"वाच ना."

"आई, तू दुपारी सगळे झोपले की माह्या खाटेवर जाऊन बसते, तसं करू नको. ते वाचलं अन् मले इथं जेवन गेलं नाई."

सपनाच्या हातातलं ताट तिथंच राहिलं. बसत होते मी. माडीवर त्याची खाट होती, दोऱ्या सैल झाल्या होत्या. मी बसत असे, पाच-दहा मिनिटं, उशीवर हात ठेवून. कोणाला सांगितलं नव्हतं. सांगण्यासारखं काय होतं त्यात?

"तू लिवलंतं हे?" मी भूपेंद्रला विचारलं.

"मले मालूमच नव्हतं तर लिवू काय?"

त्यानं जायचा डबा उघडला आणि अडकलेलं एक-एक मोठ्यानं वाचलं. वांगी होती, खोकला होता, म्हैस होती, तेल लावत जाजो होतं. खाट कुठंच नव्हती.

४

दुसऱ्या दिवशी दुपारी मी माडीवर गेले नाही. मधल्या खोलीत गेले.

भारनियमन होतं, लाईट नव्हती. मशीनवर कव्हर. टेलिफोनची तार भूपेंद्र रोज काढून ठेवी, ती टेबलावर गुंडाळी करून पडलेली. दुकानाकडून थोडा उजेड येत होता आणि बंडूजींचं घोरणं. मी पाटावर बसले. मला स्वतःचंच हसू येत होतं. म्हातारी बाई कापड झाकलेल्या पेटीची परीक्षा घेते आहे.

मी तोंड उघडलं नाही. मनातच म्हटलं, ये बाबा, पुरे झालं.

"हूं."

हळू आली. कुठून ते सांगता येणार नाही. पेटीतून नाही, भिंतीतून नाही. माझ्या आणि कव्हराच्या मधल्या जागेतून म्हणा. भीती वाटावी असा आवाजही नव्हता तो. उलट गोड होता. गोष्टीतला राजा रानात शिरला की मांडीवरचं पोर जशी हूं म्हणतं, पुढं सांग म्हणून, तशी.

मी उठले. उठताना पाट सरकला. स्वयंपाकघरात येऊन तांब्याभर पाणी प्यायले आणि मग बसून नीट विचार केला. मी तोंडानं जे सांगितलं ते तिथं अडकून पडलं होतं. तरी ते पोराला कळत होतं, आणि मी जे गिळलं तेही जात होतं. कोणी तरी एवढे दिवस ऐकत बसलं होतं आणि त्याला माझं नेमकं काय हवं होतं ते आता मला समजत होतं. पण विचार पुढे जाईना. ते एक वाक्य जाऊन करणार काय? पोराला आई ये म्हणते एवढंच ना? त्यात वाईट ते काय?

संध्याकाळी उत्तर आलं.

"आई, तू एवढं बोलावून राह्यली तर येतोच. साहेबानं सोडलं. सोमवारी दुपारच्या पॅसेंजरनं सेलू रोड स्टेशनावर उतरतो. वर्ध्याले कोनी येऊ नका. दादा, हे वाचून रुसू नको, आईनं म्हटलं हाय का ती एकटीच येते. आई, तू फलाटावर नाई, उलट्या बाजूले रुळाच्या मधात उभी राह्यतो म्हनली, तर मी त्याच दारानं उतरतो. तू हात धरजो."

५

बंडूजी आधी माझ्यावरच चिडले. "तूच कोनाकडून तरी चोरून लिववून घेतलं. पोराबिगर राहवलं नाई तुले."

"अजी, मले अक्षर येत असतं तर तुमच्या दुकानाची पाटी कधीच सुधारली असती."

"मंग पोरगाच घाबरून पळून येऊन राह्यला अन् नाव तुह्यं सांगते."

"येऊ द्या ना पळून! पन रुळाच्या मधात कोन उतरते?"

 कोण उतरतं ते आम्हाला सगळ्यांना ठाऊक होतं. सेलू रोडला अर्धा डबा उलट्या बाजूनंच उतरे. गावाचा रस्ता त्या बाजूला पडतो, फलाटाचा फेरा वाचतो. आदेश कॉलेजात असताना तसाच उतरायचा आणि माझ्या शिव्या खायचा. आणि दुसऱ्या रुळावरून नागपूरकडून येणारी मेल गाडी न थांबता जाते.

भूपेंद्रनं कॅम्पात फोन लावला. पलीकडचा माणूस हिंदीत म्हणाला, वो तो निकल गया. भूपेंद्रनं मशीनवर लिहिलं, उलट्या बाजूनं उतरू नको, आई फलाटावर आहे. लाल फुली. पुन्हा दाबलं, लाल फुली. मोटारसायकल काढून तो वर्ध्याला गेला आणि एका दुकानातून पाठवून आला. तिथून गेलं. पण निघालेला माणूस वाचणार कुठं?

रात्री त्यानं विचारलं, "आई, तुले काय वाटते, हे कोन करून राह्यलं?"

"कोन ते मले नाई ठाऊक. मी तिथं राहीन एवढं ठाऊक हाय."

६

सोमवारी बंडूजी आणि भूपेंद्र सकाळीच वर्ध्याला गेले, गाडीतच त्याला गाठायचं म्हणून. मी आणि सपना ऑटोनं सेलू रोडला आलो.

उन्हाची वेळ. स्टेशनावर एक कडुलिंब, एक बाक, पाण्याची तोटी. चार-दोन माणसं सावलीत. रुळांमधली गिट्टी अशी तापलेली की वरची हवा हलत होती. मी पलीकडे नीट पाहिलं. कोणी नव्हतं. बाभळी, कुंपणाची तार, रस्त्यावर एक सायकल. मला हायसं वाटलं. सपनाला म्हटलं, तू इंजिनाकडे उभी राह्य, मी इकडं मागं.

पॅसेंजर आली. डबे आले, पलीकडचं सगळं झाकलं गेलं. गाडी उभी राहिली आणि माणसं उतरू लागली, काही इकडून, काही तिकडून. मी खिडक्या पाहत मागं मागं जात होते. मग ते पाहणं सोडून मी खाली का पाहिलं, सांगता येत नाही.

चाकांच्या मधून पलीकडची गिट्टी दिसत होती. तिच्यावर दोन पाय होते. बाईचे. अनवाणी. माणसं उड्या टाकत होती, धावत होती, तापल्या दगडांवर चपला असून नाचत होती. हे पाय हलत नव्हते. वर लुगड्याचा काठ. हिरवा, आणि एका जागी शिवण उसवली म्हणून मी काळ्या दोऱ्यानं टाचला होता, तसाच काळा टाका. मी माझ्या पायाकडे पाहिलं. तोच काठ.

त्याच डब्याच्या पलीकडच्या दारात आदेश होता. माझ्याकडे पाठ. बारीक झाला होता, पण मान त्याचीच. एका हातानं दांडा धरून त्यानं दुसऱ्या हातानं बॅग खाली सोडली. बॅग आपटल्याचा आवाज झाला नाही. कोणी वरच्यावर घेतली, तशी ती गेली.

आणि मला माझाच आवाज ऐकू आला, पलीकडून. "ये बाबा. पुरे झालं."

किती मऊ होता! मी पोरांशी तसं कधी बोलले नाही. माझ्याही तोंडात तेच आलं होतं, ये. दुसरं काय येणार? पण मला दिसलं, की मीही तेच म्हटलं तर तो दोन्हीकडून एकच ऐकेल, आणि ती त्याच्या जवळ आहे, मी लांब. दूर कुठं तरी दुसऱ्या रुळावरची शिटी वाजली. आदेशनं पाय खाली सोडला.

"आदेश्या! मेल्या! तिकडून उतरते का रे? रूळ का तुह्या बापानं टाकला? आता पाय खाली ठेव, टांगडंच मोडून ठेवते तुह्यं! फिर इकडं! फिर!"

सगळा फलाट माझ्याकडे पाहू लागला. आणि तो, पंचवीस वर्षांचा बाप्या, शाळेतून पळालेल्या पोरासारखा दचकला, पाय वर घेतला आणि वळला. एकदा तिकडे पाहिलं, एकदा इकडे. मग पार डब्यातून माझ्या बाजूनं येऊन उडी मारली.

त्या क्षणी पलीकडून मेल गेली. गाडी, फलाट, माझे दात, सगळं थरथरलं.

७

मागच्या डब्यातून भूपेंद्र आणि बंडूजी धावत आले. गर्दीत त्यांना तो सापडलाच नव्हता. पॅसेंजर निघून गेली. पलीकडे बाभळी होत्या आणि तार. रुळांच्या मधोमध आदेशची बॅग उभी होती, साधी खरचटलेलीसुद्धा नाही, पट्टा नीट आत दुमडून ठेवलेला.

सपना म्हणाली, "आई, बॅग?"

"पासपोर्ट कुठी हाय रे?"

"खिशात."

"मंग राहू दे ती तिथंच."

बंडूजी दोन पैशाच्या पुडीचा दोराही सांभाळून ठेवणारे. पण ते सगळ्यांच्या आधी ऑटोत जाऊन बसले.

घरी आल्यावर भूपेंद्रनं मशीन लावलं. जायचा डबा रिकामा होता. पुढे आदेशनं वर्ध्याला जाऊन आपली मेलची पेटी उघडली तर माझं सगळं तिथं आलेलं, वांगी, खोकला, म्हैस, टॉवेल, सगळं एकदम, त्या सोमवारी दुपारचं. दिवाळीपासून त्या सोमवारपर्यंतचं माझ्या नावाचं दुसरं एकही नव्हतं.

"मंग तू एवढे दिवस वाचलं काय?" भूपेंद्रनं विचारलं.

 आदेश म्हणाला, "वाचलं ना. त्यात आई लय मायेनं बोलत होती."

"तवाच समजाले पाह्यजे होतं तुले," मी म्हटलं, "का ते मी नाई."

सपना हसली, भूपेंद्र हसला, तोही हसला. हसता हसता त्याच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्यानं ते पुसलं नाही. मशीन हरिदास घेऊन गेला. मधल्या खोलीच्या मागच्या भिंतीला बंडूजींनी खिडकी पाडली.

आदेश परत गेला नाही. पुढे त्यानं रस्त्यालगत हिरवी जाळी लावून मिरची-वांग्याची रोपं लावली. आधी लोक हसले, मग तळेगावपासून माणसं रोपं न्यायला येऊ लागली. एसटीचे कंडक्टर आता तिथं बेल मारतात. गोपिका धाकटी सून म्हणून आली. तिच्या पायगुणानं म्हणा की रोपांच्या, माडीवर आणखी एक मजला चढला. दोन वर्षांनी मुलगी झाली. गुंजन नाव ठेवलं, पण गुंजन कसली, ती रडायला लागली की बाजारातले लोक माना वळवीत. बंडूजी कपाळाला हात लावत. "आजीवर गेली! अख्ख्या सेलूले ऐकू जाते."

"जाऊ द्या ना," मी म्हणे, आणि नात जोरात रडावी म्हणून तिचा खुळखुळा लपवून ठेवी.